राचोलचा ग्रंथ आणि शिवोलीचा चेंडू

अर्जुनी मोरगावसारख्या झाडीपट्टीतील गावी जुने मराठी वाङ्मय शिकवताना आम्ही फादर स्टीफन्स यांच्यापाशी दरवर्षी रेंगाळतो. १५७९ साली गोव्यात आलेले हे इंग्रज जेजुइट आणि राचोल येथे १६१६ साली छापले गेलेले त्यांचे ओवीबद्ध 'क्रिस्तपुराण' अभ्यासक्रमात असतात. मिशनऱ्यांचा वारसा म्हणजे छापखाना, कोश आणि व्याकरण, एवढे समीकरण विद्यार्थ्यांच्या वहीत उतरते. त्या वारशातील खेळाचे मैदान मात्र वहीबाहेरच राहते.

१८८३ साली फादर विल्यम रॉबर्ट लायन्स हे आयरिश धर्मगुरू बार्देशातील शिवोलीस आले आणि त्यांच्याबरोबर गोव्यात फुटबॉल आला. पुढे हडफडे येथील त्यांची सेंट जोसेफ शाळा या खेळाचे केंद्र बनली. राज्य पोर्तुगीजांचे, पण मुंबईत वा आफ्रिकेत नोकरी शोधणाऱ्या गोमंतकीयांना इंग्रजी हवी होती. त्या इंग्रजी शाळेतून खेळही आला. मैदानावर चारित्र्य घडते, हा विचार इंग्लंडमध्ये १८५७ च्या सुमारास 'मस्क्युलर ख्रिश्चॅनिटी' या नावाने रुजला होता. लायन्स यांच्या शिक्षणदृष्टीत त्याचा सूर ऐकू येतो. खेळ शिकलेली मुले पुढे शिक्षक आणि धर्मगुरू झाली आणि चेंडू गावोगावच्या चर्चच्या पटांगणांत पोचला. राचोलच्या सेमिनरीतही तो रुजला. २०१२ मध्ये गोव्याने फुटबॉलला राज्यक्रीडेचा दर्जा दिला.

लायन्स वेदीकडून मैदानाकडे आले. उलट दिशेचा प्रवास बेलफास्टच्या फिलिप मलराइन यांचा आहे. मँचेस्टर युनायटेड आणि नॉर्विच सिटी या संघांतून खेळलेला, उत्तर आयर्लंडच्या राष्ट्रीय संघात २७ सामने खेळलेला हा फुटबॉलपटू २००८ मध्ये निवृत्त झाला. पुढे त्याने धर्मशिक्षण घेतले, दारिद्र्याचे व्रत पाळणाऱ्या डॉमिनिकन संघात प्रवेश केला आणि २०१७ साली त्याला कॅथलिक धर्मगुरूची दीक्षा मिळाली.

मराठी वाचकाला यात विसंगती वाटते काय? वाटू नये. तालमीत मारुतीची मूर्ती असते. मारुतीची देवळे उभारणाऱ्या समर्थांनी बलोपासना आणि भक्ती वेगळ्या मानल्या नाहीत. आमच्या विदर्भात अमरावतीचे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून तेच नाव मिरवत आहे. भेद आहे तो पुढच्या पायरीवर. तालमीतला संयम बळ मिळवण्यासाठी असतो. मलराइनसारखा खेळाडू मिळवलेले सारे, पैसा आणि टाळ्याही, मागे ठेवतो. उरते ती पहाटे उठण्याची, आज्ञा पाळण्याची आणि संघासाठी स्वतःला मागे घेण्याची सवय. आमच्या मते खेळाने घडवलेली ही सवयच त्याला वेदीपाशी उपयोगी पडते. म्हणून क्रीडा आणि वैराग्य यांना परस्परविरोधी मानणारी आपली समीक्षेतील सोपी विभागणी पुन्हा तपासली पाहिजे.

ग्रंथाला लेखी पुरावा असतो. खेळलेल्या सामन्याची ओवी कोणी छापत नाही. इतिहासातून मैदान निसटते ते यामुळे. यापुढे 'क्रिस्तपुराण' शिकवताना राचोलच्या छापखान्याशेजारी तिथले पटांगणही फळ्यावर काढावे, असे आम्ही ठरवले आहे.