पाहण्याचा हक्क आणि हौदाचे पाणी

लातूर जिल्ह्यात औशाहून निलंग्याच्या रस्त्याला लागले की खरोशाची टेकडी येते. काळ्या रानातून वर आलेला तांबडा माळच तो. त्याच्या पोटात सहाव्या शतकाच्या सुमारास खोदलेली लेणी आहेत. वेरूळ-अजिंठ्याचा दगड काळा आणि कठीण. खरोशाचा दगड जांभा. काळा खडकच लाखो वर्षे ऊन-पाऊस खाऊन कुजतो, विरघळणारे ते वाहून जाते, लोह मागे राहते आणि दगडाला गंजाचा रंग चढतो. हा दगड जमिनीत असताना मऊ असतो आणि उघड्यावर आल्यावर टणक होतो. त्यामुळे तो खोदायला सोपा. पण नाजूक काम त्यावर टिकत नाही. खरोशाच्या कितीतरी मूर्तींचे चेहरे वाऱ्यापावसाने पुसून टाकले आहेत.

विष्णुपुरीहून सकाळी निघून इतिहासाच्या विद्यार्थ्यांची सहल मी तेथे नेली होती. त्यांत बहुतेक मुले घरातून पहिल्यांदाच महाविद्यालयाची पायरी चढलेली. लेण्यांतून फिरताना एका मुलीने हळूच विचारले, "सर, ही लेणी आपल्या लोकांची हायत का?" 'आपल्या' या शब्दाचा अर्थ मला कळला होता. खरोशात शैव-वैष्णव शिल्पांचा भरणा आहे. पोरीला बरे वाटावे म्हणून इतिहास वाकवणे हे मास्तराचे काम नव्हे. मी नाही म्हणालो. ती म्हणाली, "मग आपून कशाला बघायची?"

या प्रश्नाला तेथे उभ्या उभ्या देण्यासारखे उत्तर माझ्याजवळ नव्हते. तो प्रश्न त्या एका मुलीचा नाही. आज आपल्यातली शिकलेली पिढी बुद्धलेण्यांना जाते, अभिमानाने जाते, आणि ते योग्यच आहे. परंतु गड, किल्ले, देवळे, तळी या बाकीच्या साऱ्या वारशाकडे ती परक्याच्या घराकडे पाहावे तशी पाहते. म्हणून या प्रश्नाचे उत्तर सविस्तर द्यायला हवे.

पहिली गोष्ट अशी की, प्रवासाशी आपला संबंध नव्हता असे नाही. संबंध होता, तो प्रवाशाचा नव्हता, एवढेच. गावात सरकारी अंमलदार आला की महाराने पुढे होऊन वाट दाखवायची, घोड्याला गवत आणायचे, जळण फोडायचे आणि ओझे डोक्यावर घेऊन पुढच्या गावच्या शिवेपर्यंत पोचवायचे. मुलुखाच्या वाटा, खिंडी, पाणवठे ज्याला पाठ होते, त्याला त्या मुलुखात हौसेने हिंडण्याची मात्र मुभा नव्हती. आणि जे पाहायला लोक दुरून येतात ते उभे कोणी केले? चोखोबा मंगळवेढ्याला गावकुसाच्या कामावर वेठीला असताना कूस अंगावर कोसळून १३३८ साली गेले, असे परंपरा सांगते. ज्या कुसाने त्यांना बाहेर ठेवले, तेच कूस बांधताना ते मेले. राजाचे नाव शिलालेखात राहते. दगड वाहणाऱ्याचे नाव राहत नाही. मग दगड तरी परका कसा?

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. स्थळे पाहायला जाणे ही सुखवस्तूंची हौस समजली जाते. परंतु घराबाहेर पडणाऱ्या माणसाला डोळ्यांआधी पाणी लागते. वाटेत प्यायला पाणी, बसायला ओटा, रात्री अंग टाकायला धर्मशाळा हे ज्याला मिळत नाही, त्याला जगातले कोणतेही शिल्प मिळत नाही. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तेव्हा लातूरची तहान साऱ्या देशाने पाहिली. पण जिचे कारण पाऊस नसून माणूस आहे, अशी एक तहान या मुलुखात त्याहून फार जुनी आहे.

त्या तहानेचा एक प्रसंग खुद्द बाबासाहेबांनी लिहून ठेवला आहे. साल १९३४. गोलमेज परिषदा झालेल्या, पुणे करार होऊन दोन वर्षे लोटलेली. चळवळीतल्या सहकाऱ्यांना सहलीला जावेसे वाटले आणि बाबासाहेबांनी बरोबर यावे असा त्यांनी आग्रह धरला. वेरूळची बौद्ध लेणी पाहायचीच, असे ठरले. नाशिकहून येवल्याच्या मार्गाने तीसएक माणसे बसगाड्या आणि मोटारी भाड्याने घेऊन निजामाच्या मुलुखात शिरली. सहलीचा कार्यक्रम मुद्दाम जाहीर केला नव्हता, कारण अस्पृश्य प्रवाशाला वाटेत काय सोसावे लागते ते सर्वांना ठाऊक होते. वाटेत दौलताबादचा किल्लाही पाहायचा होता. तेथे आपल्या वस्तीतली माणसे चहा घेऊन वाट पाहत होती. पण अंधार पडण्याआधी किल्ला बघून घ्यावा म्हणून मंडळी तशीच पुढे गेली.

किल्ल्याच्या दरवाजाबाहेर काठोकाठ भरलेला एक हौद होता. अंगावर प्रवासाची धूळ होती. काहींनी फरसबंदीवर बसून हातपाय धुतले. रमजानचा महिना होता. एक पांढऱ्या दाढीचा वृद्ध मुसलमान ओरडत मागून आला, की धेडांनी हौद बाटवला. पाहता पाहता जमाव गोळा झाला आणि शिव्यांचा भडिमार सुरू झाला. तेव्हा बाबासाहेबांनी संतापून विचारले, तुमचा धर्म हेच शिकवतो काय? अस्पृश्य मुसलमान झाला तर त्याला तुम्ही हे पाणी अडवाल काय? जमाव गप्प झाला. शेवटी आत जाण्याची परवानगी मिळाली, ती एका अटीवर. किल्ल्यात कोठेही पाण्याला हात लावायचा नाही. अट मोडू नये म्हणून एक हत्यारबंद शिपाई बरोबर देण्यात आला.

हिंदूंचा अस्पृश्य हा इतरांनाही अस्पृश्यच असतो, हा निष्कर्ष बाबासाहेबांनी या प्रसंगातून काढला. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' हे त्यांचे आत्मकथनपर लेखन १९९० साली पुस्तिकारूपाने आले. त्यातला हा प्रसंग आपण नेहमी अन्यायाचा पुरावा म्हणून वाचतो. त्यात आणखी एक गोष्ट आहे. दौलताबादचा किल्ला बौद्धांचा नव्हे. तो यादवांचा, पुढे सुलतानांचा. वेरूळला निघालेल्या बाबासाहेबांनी तो वगळला नाही. उलट, त्या भागात गेलेल्या प्रवाशाने तो चुकवू नये, असेच त्यांचे मत होते. हा आपला नव्हे, मग कशाला बघायचा, असे ते म्हणाले नाहीत. शिपाई मागे चालत असताना त्यांनी तो पाहिला. आपला हक्क आपल्या लेण्यांपुरता नाही, साऱ्या इतिहासावर आहे, हे त्या चालण्यात होते.

हा हक्क कायद्यात उतरायला वेळ लागला. मुंबई कायदेमंडळाने ऑगस्ट १९२३ मध्ये बोले ठराव संमत करून सार्वजनिक पाणवठे आणि धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या केल्या. तो ठराव कागदावर राहू नये म्हणून मार्च १९२७ मध्ये महाडला चवदार तळ्यावर जावे लागले. निजामी मुलुखात तर तो कागदही नव्हता. पुढे घटनेच्या पंधराव्या अनुच्छेदाने उपाहारगृहे, विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते आणि लोकांच्या राबत्याच्या जागा यांची नावे घेऊन सांगितले की येथे जातीवरून कोणाला अडवता येणार नाही. ही यादी वाचताना मला दौलताबादचा तो हौद आठवतो. आणि ज्या गावाच्या वाटेवर हा अपमान झाला, त्याच औरंगाबादेत १९५० साली बाबासाहेबांनी महाविद्यालय काढले, त्या परिसराला नागसेनवन नाव दिले. मराठवाड्यातल्या आपल्या मुलांनी लेणी वाचायला सुरुवात केली ती तेथून.

तीही सरळपणे नाही. २७ जुलै १९७८ रोजी विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि मराठवाड्यात वस्त्या पेटल्या. नांदेड जिल्ह्यात टेंभुर्णीच्या पोचिराम कांबळे यांना मारले. त्या वर्षी आपल्या माणसांनी केलेला प्रवास रानात लपण्यासाठी होता. नामविस्तार झाला १४ जानेवारी १९९४ रोजी. त्याच वर्षी १७ सप्टेंबरला नांदेडचे स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठ सुरू झाले, ते विष्णुपुरीच्या माळावर. ज्या विष्णुपुरीहून आमची गाडी खरोशाला निघाली, तिच्यामागे हा सारा रस्ता आहे.

परतताना बाटल्यांतले पाणी संपले. गाडी थांबवून दोन मुले रस्त्याकडेच्या एका घरी गेली. बाईने तांब्या आणला आणि हातात देण्यापूर्वी विचारले, "कोन्या गावचे? कुणापैकी?" मुलाने गावाचे नाव सांगितले, पुढचे सांगितले नाही. पाणी मिळाले. गाडीत येऊन त्याने ही गोष्ट हसत सांगितली. कोणी हसले नाही. १९३४ साली कार्यक्रम जाहीर न करता निघालेले ते तीस जण आणि आडनाव गिळून पाणी पिणारा हा पोरगा, यांच्यामध्ये संपूर्ण राज्यघटना उभी आहे; आणि तरीही अंतर वाटले होते तेवढे नाही.

म्हणून त्या मुलीला माझे उत्तर असे आहे. बाई, ही लेणी आपल्या देवांची नाहीत म्हणून ती सोडून देऊ नकोस. ज्यांना येथवर येऊ दिले नाही, त्यांच्या वतीने ती पाहा. कोणी खोदली, कोणी खोदून घेतली, त्या वेळी पाणी कोण कोठे पीत होते, हे विचारत पाहा. हा प्रश्न तुझ्यावाचून कोणी विचारणार नाही. आणि वाटेत कोणी 'कुणापैकी' म्हणून विचारले, तर आडनाव सांगून पाणी माग.

पुढची सहल मी दौलताबादला नेणार आहे. दरवाजातून आत जाण्याआधी बाहेर बसून तो प्रसंग मुलांकडून मोठ्याने वाचून घ्यायचा. किल्ला नंतर.