खुंटी, कोनाडा आणि कुलूप

दिवाळीत पहाटे अभ्यंगस्नान आटोपून माणूस नव्या कपड्यांकडे हात पुढे करतो, तेव्हा ते कपडे जागेवर असतील की नाही अशी शंका त्याच्या मनाला शिवतही नाही. घर आपले, न्हाणीघर आपले आणि खुंटीही आपलीच. परंतु घराचा उंबरठा ओलांडून चारचौघांत अंगावरचे कपडे उतरवण्याची पाळी आली, की एक फार जुना प्रश्न उभा राहतो: काढलेले कपडे ठेवायचे कोठे, आणि परत येईपर्यंत ते तेथेच राहतील याची हमी कोण देणार? या प्रश्नाला माणसाने वेळोवेळी दिलेल्या उत्तरांचा इतिहास मोठा गमतीचा आहे; आणि वाटतो तितका क्षुल्लकही नाही.

निमित्त झाले ते आमच्या वडनेरचे. हिंगणघाटाच्या दक्षिणेला, नागपूर-हैदराबाद हमरस्त्यावरचे हे गाव. येथल्या व्यायाम करणाऱ्या पोरांनी कपडे बदलण्याच्या खोलीत लाकडी लॉकर बसवायचे मनावर घेतले. गावातल्या काही जाणत्यांनी नाके मुरडली. ‘आमच्या वेळी एका खुंटीवर चार सदरे लटकत. कोणाचे काय गेले? आता पोरांना एकमेकांचा भरवसा उरला नाही, म्हणून कुलपे हवीत!’ असा त्यांचा एकंदर सूर. मी पडलो मास्तर. दोन्ही पक्षांनी मलाच पंच केले. निवाडा द्यायचा तर आधी मागचे दप्तर चाळणे भाग होते.

आपल्याकडे या विषयाची पहिली नोंद सर्वांच्या ओळखीची आहे. भागवताच्या दशम स्कंधात गोपी यमुनेत स्नानाला उतरतात, काठावर ठेवलेली वस्त्रे कृष्ण उचलतो आणि कदंबावर जाऊन बसतो. भक्तांनी या कथेतून निराळा अर्थ काढला आहे, आणि तो योग्यच आहे. पण मास्तराच्या रूक्ष नजरेला त्यात एवढेच दिसते, की काठावर राखणदार नव्हता.

ग्रीकांनी या बाबतीत फारच कडक धोरण ठेवले. त्यांच्या व्यायामशाळांत कपडे उतरवण्यासाठी स्वतंत्र खोली असे. प्लेटोच्या ‘युथिडेमस’ या संवादात सॉक्रेटिस लायसियममधल्या अशाच खोलीत एकटा बसलेला आहे आणि तेथेच पुढची सारी चर्चा रंगते. तत्त्वज्ञान तेथे फुलले, तशा चोऱ्याही तेथे होत असल्या पाहिजेत. कारण या व्यायामशाळांतून नुसता अंगरखा किंवा तेलाची कुपी चोरणाऱ्यालाही देहांत शिक्षा असावी असा सोलोनचा कायदा होता, असे डेमॉस्थेनीझने आपल्या एका भाषणात सांगितले आहे. एका अंगरख्यासाठी माणसाचा जीव! कुलूप स्वस्त नसले म्हणजे कायदा किती महाग होतो पाहा.

रोमन लोकांनी भिंतीत कोनाडे केले. इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या पाँपेई शहरातल्या स्नानगृहांत ते आजही पाहायला मिळतात. १९८० च्या दशकात तेथल्या वेशीबाहेरच्या एका स्नानगृहाचे उत्खनन झाले, तेव्हा कपडे बदलण्याच्या खोलीच्या भिंतीवर रंगवलेल्या लाकडी पेट्यांची रांग आणि त्यांवर घातलेले रोमन आकडे उजेडात आले. पेट्यांच्या वरच्या बाजूला काही चित्रेही आहेत. पण त्यांचे वर्णन घरच्या सर्व मंडळींनी वाचायच्या दिवाळी अंकात शोभणार नाही. आपण आकड्यांपुरते पाहू. माणसाचे नाव नाही, कूळ नाही, फक्त क्रमांक. हे लक्षात ठेवावे; पुढे त्याचे काम पडणार आहे.

कोनाड्यांना दार नव्हते. श्रीमंत माणूस आपला गुलाम राखणीला बसवी. ज्याला गुलाम नाही तो पैसे मोजून तेथल्या राखणदाराच्या हवाली कपडे करी. तो राखणदारच बदमाश निघाला तर त्याचा न्याय कोणी करावा, याचीही तरतूद रोमन कायद्यात आहे. आणि सहाव्या शतकात जस्टिनियन बादशहाने जो कायदेसंग्रह करविला, त्यात स्नानगृहातल्या चोरांसाठी एक वेगळे प्रकरणच दिले आहे.

ज्याला गुलाम नाही आणि राखणदारही परवडत नाही, तो काय करी? तो देवीकडे जाई. इंग्लंडात बाथ या गावी गरम पाण्याच्या झऱ्याभोवती रोमनांनी सूलिस मिनर्वा देवीचे देऊळ आणि स्नानगृह बांधले होते. १९७९-८० च्या सुमारास त्या कुंडाच्या गाळातून शिशाचे पातळ पत्रे निघाले. असे सुमारे १३० पत्रे आता ज्ञात आहेत. त्यांवर अणकुचीदार टोकाने शिव्याशाप कोरलेले आहेत आणि पुष्कळशा तक्रारी चोरीला गेलेल्या झग्यांच्या नि अंगरख्यांच्या आहेत. डॉसिमेडिस नावाच्या गृहस्थाचे दोन हातमोजे गेले, तर चोराचे डोळे आणि बुद्धी दोन्ही जावोत अशी त्याने देवीला विनवणी केली आहे. पण मला त्या पत्र्यांतले एक वारंवार येणारे पालुपद अधिक बोलके वाटते: चोर पुरुष असो वा स्त्री, गुलाम असो वा स्वतंत्र, त्याला शासन कर. म्हणजे एक झगा नाहीसा होताच साऱ्या गावावर संशयाची सावली पडली.

आता आपल्या तालमीत येऊ. तेल, ताक नि हळद घालून मळलेली तांबडी माती, कोनाड्यात शेंदूर फासलेला मारुती आणि भिंतीला ओळीने ठोकलेल्या खुंट्या. खुंटीवर धोतर-सदरा, बाहेर दोरीवर वाळणारे लंगोट. तेथे कुलूप नव्हते हे खरे. पण ते का नव्हते? तालीम बहुधा एका आळीची असे. येणारा प्रत्येक पोरगा कोणाचा कोण हे वस्तादाला ठाऊक. खुंटीचा कारभार भरवशावर चाले, आणि तो भरवसा ओळखीवर. ओळखीच्या बाहेरच्या माणसाला त्या भिंतीवर खुंटी मिळणेच कठीण.

पुढे व्यायामाची आळी मोडली. १९१४ साली अमरावतीस वैद्य बंधूंनी श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ स्थापन केले. व्यायाम हे शिकण्याचे आणि शिकवण्याचे शास्त्र आहे, ही जाणीव त्या संस्थेने वऱ्हाडात आणि वऱ्हाडाबाहेर रुजवली. १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी मंडळाच्या चमूने परदेशी प्रेक्षकांना आपले देशी खेळ करून दाखवले. जेथे गावोगावचे तरुण एकत्र येतात तेथे वस्ताद प्रत्येकाच्या बापाला ओळखीलच असे नाही.

आणि अनोळखी माणसे एकत्र आली, की बाथच्या त्या पत्र्यांवरचा संशय येथेही आलाच. फरक इतकाच, की आपल्याकडे तो सर्वांवर सारखा पडत नाही. कोणाचा सदरा किंवा खिशातली नोट गेली, तर डोळे आधी कोणाकडे वळतात? १८७१ साली इंग्रज सरकारने गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि पुढे पारध्यांसारख्या कित्येक जमातींना जन्मतःच चोर ठरवले. १९२४ मध्ये तो कायदा नव्याने बांधून काढला गेला; स्वतंत्र भारतात १९५२ साली तो रद्द झाला. कागदावरचा शिक्का पुसला, मनातला पुसायला वेळ लागतो. उघड्या खुंटीवरची वस्तू हरवली की पारध्याचे पोर खाली मान घालून उभे राहते. त्याने काही केलेले असो वा नसो. ‘आमच्या वेळी कोणाचे काही गेले नाही’ असे म्हणणाऱ्यांनी, आमच्या वेळी त्या खोलीत कोण कोण येत होते, हेही एकदा आठवून पाहावे.

गिरण्यांतही हाच प्रकार. नागपूरची एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ रोजी सुरू झाली. आमच्या हिंगणघाटासही त्याच शतकात गिरणी आली. पण कामगाराने घरून घालून आणलेला धड सदरा कोठे ठेवावा, याचा विचार कायद्याला बराच काळ सुचला नाही. १८८१ च्या पहिल्या कारखाने कायद्याने मुलांच्या कामाचे तास आणि धोक्याच्या यंत्रांभोवतीचे कठडे पाहिले. मुंबईच्या गिरण्यांत तर विणाई खात्यात अस्पृश्य मानलेल्या कामगारांना प्रवेश नव्हता. धोट्यातला धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे, आणि त्यांनी ओढलेला धोटा इतरांना चालत नसे. १९२८ च्या मोठ्या संपाच्या वेळी डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न मांडला. जेथे धोटा शेजारी चालत नाही, तेथे सदरा तरी शेजारच्या खुंटीवर कसा चालावा?

युरोपात हा प्रश्न कोळशाच्या खाणींनी ऐरणीवर आणला. जर्मन खाणींत कामगार आपले कपडे आकड्याला अडकवून साखळीने थेट छताशी चढवी आणि खाली साखळीला कुलूप घाली. कदंबाच्या फांदीचीच ही सुधारून वाढवलेली आवृत्ती! इंग्लंडातल्या खाणींवरच्या न्हाणीघरांविषयी जॉर्ज ऑर्वेलने १९३७ च्या आपल्या पुस्तकात लिहिले आहे, की तेथे प्रत्येक कामगाराला दोन लॉकर असत: एक खाणीच्या काळ्या कपड्यांसाठी, दुसरा घरच्या कपड्यांसाठी. या दोन दारांचा अर्थ मोठा आहे. खाणीतला काळा माणूस एक दार बंद करतो, आंघोळ करतो आणि दुसरे दार उघडून इतरांसारखा नागरिक होऊन घरी जातो.

आपल्याकडे १९४८ च्या कारखाने कायद्याच्या ४३ व्या कलमाने कामाच्या वेळी अंगावर नसलेले कपडे ठेवण्याची आणि ओले कपडे वाळवण्याची सोय सक्तीची करण्याचा अधिकार राज्य सरकारांना दिला. कोळसा खाणींच्या तोंडाशी न्हाणीघरे बांधण्याबद्दलचे नियम १९५९ चे. आणि संसदेने २०२० साली मंजूर केलेल्या कामगारांच्या सुरक्षा व आरोग्यविषयक संहितेत पुरुष, स्त्रिया आणि तृतीयपंथी यांच्यासाठी वेगवेगळ्या लॉकरच्या खोल्यांचा उल्लेख आहे. १८८१ पासून येथवर यायला १३९ वर्षे लागली.

कोणी म्हणेल, आमचाच वर्धा जिल्हा सेवाग्रामचा. गांधीजी १९३६ साली तेथे राहायला आले. त्यांच्या एकादश व्रतांत अस्तेय आहे, अपरिग्रह आहे. तेथे कुलपाचे कौतुक कशाला? आक्षेप वजनदार आहे. पण अपरिग्रह हा ज्याने स्वखुशीने सोडले त्याचा अलंकार. ज्याच्यापाशी मुळात एकच धड सदरा आहे त्याला तो राखू देणे, हे अपरिग्रहाच्या आड येत नाही. शिवाय कुलूप केवळ चोराला अडवते असे नव्हे; जो चोर नाही त्याला ते संशयापासून वाचवते. हे दुसरे काम मला अधिक मोलाचे वाटते.

आता लाकडाविषयी थोडे, कारण निवाडा लॉकरच्या बाजूने दिल्यावर पोरांनी लगेच तेच विचारले. अर्देशर गोदरेज यांनी १८९७ साली मुंबईत कुलपांचा कारखाना काढला, पुढे त्यांच्या कारखान्यातून पोलादी कपाटेही निघाली, आणि तेव्हापासून लोखंडाचा बोलबाला आहे. पण ओल्या खोलीत पत्रा गंजतो, आणि गंजलेले दार गावच्या सुताराला दुरुस्त करता येत नाही. सागाच्या गाभ्याच्या लाकडाला वाळवी सहसा लागत नाही. सालीलगतचे फिके लाकूड मात्र ती आवडीने खाते, म्हणून तेवढे काढून टाकावे. पावसाळ्यात लाकूड रुंदीत फुगते, लांबीत फारसे फुगत नाही. म्हणून दार एकसंध रुंद फळीचे न करता चौकट करून तिच्या खाचेत पातळ फळी सैल बसवतात, म्हणजे ती फुगली तरी दार अडत नाही. तळ जमिनीपासून चार बोटे उचललेला, पाठ भिंतीपासून किंचित सुटी आणि दाराला वर-खाली हवेची भोके हवीत; नाहीतर घामाच्या लंगोटाला दोन दिवसांत बुरशी धरते. सारी रांग वरून भिंतीला पक्की जखडावी, कारण सगळी दारे एकदम उघडली की तिचा तोल पुढे जातो. कोयंड्याचे स्क्रू बाहेरून दिसू देऊ नयेत. ते दिसत असतील तर कुलूप कितीही भारी आणले तरी चोर फक्त स्क्रू काढील.

आणि दारावर नाव घालू नये. नावाबरोबर आडनाव येते, आडनावाबरोबर जात येते, आणि मग कोणते दार कोणाच्या शेजारी यावर खल सुरू होतो. पाँपेईकरांनी दोन हजार वर्षांपूर्वी केले तेच करावे: आकडा घालावा. सातच्या शेजारी आठ येतो, एवढेच त्याचे नाते.

राहता राहिला एकच प्रश्न, आणि तो पोरांनाच पडला: अंगावर नुसता लंगोट असताना किल्ली ठेवायची कोठे? त्याचे उत्तर ना ग्रीकांकडे सापडले, ना कायद्याच्या कलमात. ते आपल्या आज्यांनी कधीच देऊन ठेवले आहे. कमरेला करदोडा बांधावा आणि किल्ली त्याला अडकवावी. कुस्ती धरताना मात्र ती वस्तादाच्या हाती द्यावी. तेवढा भरवसा अजून शिल्लक आहे.