अमेरिकेतील महिला फुटबॉल आणि त्याचे मूठभर रसिक

खेळाचा इतिहास लिहिताना आपण बहुधा खेळाडूंची नावे, विजेत्यांची यादी आणि विक्रमांचे आकडे यांच्यापाशी थांबतो. प्रेक्षकाला त्यात स्थान मिळते ते केवळ गर्दीच्या संख्येपुरते. परंतु काही खेळ असेही असतात, की ज्यांचे दप्तर कोणी सांभाळलेले नसते. त्यांचा इतिहास खेळणाऱ्यांच्या आणि पाहणाऱ्यांच्या घरांतच राहतो आणि त्या पिढीबरोबर नाहीसा होऊ लागतो. अमेरिकेतील महिलांचा निमव्यावसायिक फुटबॉल हा असाच एक खेळ. ज्या वाचकांची नातवंडे आज त्या देशात वाढत आहेत, त्यांना पुरुषांचा ‘सुपर बोल’ ठाऊक असतो. या दुसऱ्या खेळाविषयी मात्र तेथेही फारसे कोणी बोलत नाही.

प्रथम खेळाविषयी दोन शब्द. आपण ज्याला फुटबॉल म्हणतो तो हा नव्हे. अकरा-अकरा जणींचे दोन संघ, लांबट चेंडू आणि शंभर यार्डांचे मैदान. चार प्रयत्नांत निदान दहा यार्ड पुढे सरकायचे, नाही तर चेंडू प्रतिपक्षाकडे जातो. चेंडू घेऊन धावणारीला प्रतिपक्षाने अंगावर झेप घेऊन खाली पाडायचे असते. हुतूतूतील पकड ज्यांनी जवळून पाहिली आहे, त्यांना या झटापटीची थोडी कल्पना येईल. ‘निमव्यावसायिक’ याचा अर्थ असा, की मानधन नाममात्र, पुष्कळदा शून्य. पोटापाण्याची नोकरी दिवसा आणि सराव संध्याकाळी.

या खेळाची संघटित सुरुवात झाली ती काहीशा थट्टेतून. क्लीव्हलंडचे कार्यक्रम-व्यवस्थापक सिड फ्रीडमन यांनी १९६० च्या दशकात महिलांचे फुटबॉल संघ उभे केले. त्यांच्या डोळ्यांपुढे होता तो करमणुकीचा फिरता खेळ. बायका फुटबॉल खेळताना पाहायला लोक तिकीट काढतील, हा त्यामागचा हिशेब. परंतु ज्या मुली मैदानात उतरल्या, त्यांना लोकांना हसवायचे नव्हते. त्यांना सामना जिंकायचा होता. या खेळाचा खरा इतिहास आम्हांला येथून सुरू होतो असे वाटते.

ओहायो राज्यातील टोलीडो या कारखान्यांच्या शहरात १९७१ साली ‘टोलीडो ट्रूपर्स’ हा संघ उभा राहिला. प्रशिक्षक बिल स्टाउट यांनी पुरुष संघाला लावावी तीच शिस्त या मुलींना लावली. संघाची धावपटू लिंडा जेफरसन हिने सलग पाच हंगामांत प्रत्येकी हजारांहून अधिक यार्ड पल्ला गाठला, आणि १९७५ मध्ये ‘विमेनस्पोर्ट्स’ मासिकाने तिला वर्षातील सर्वोत्कृष्ट महिला खेळाडू म्हणून गौरविले. १९७९ साली संघ विसर्जित होईपर्यंत त्याने हरलेले सामने एका हाताच्या बोटांवर मोजता येतील इतकेच होते. त्यांपैकी एक पराभव १९७६ मध्ये नव्यानेच स्थापन झालेल्या ‘ओक्लाहोमा सिटी डॉल्स’ने केला, आणि अजिंक्य समजल्या जाणाऱ्या संघालाही प्रतिस्पर्धी आहे हे सिद्ध झाले.

१९७४ मध्ये ‘नॅशनल विमेन्स फुटबॉल लीग’ स्थापन झाली. टोलीडोबरोबर डेट्रॉइट, कोलंबस, डॅलस, फोर्ट वर्थ, लॉस एंजलिस अशा शहरांचे संघ त्यात आले. काळ अनुकूल भासत होता. १९७२ चा ‘टायटल नाइन’ कायदा शिक्षणसंस्थांतील लिंगभेदाला मनाई करीत होता. १९७३ मध्ये बिली जीन किंग हिने टेनिसमध्ये बॉबी रिग्ज याला हरविले होते. तथापि त्या कायद्याच्या १९७५ च्या नियमावलीत अंगाला अंग भिडणाऱ्या खेळांना सवलत होती. मुलांच्या अशा संघात मुलींना प्रवेश देणे शाळांवर बंधनकारक नव्हते. परिणामी मुलींना शाळेत फुटबॉल शिकण्याची सोय झाली नाही, आणि या संघांत येणारी बहुतेक प्रत्येक स्त्री हा खेळ वयात आल्यावर प्रथमच शिकत होती. मुळे शाळेत न रुजलेला हा वृक्ष पैशाअभावी सुकणे अपरिहार्य होते. शहरांमधील अंतरे मोठी, प्रवासखर्च जबर, दूरचित्रवाणीचे उत्पन्न नाही. ऐंशीचे दशक संपेपर्यंत ती लीग इतिहासजमा झाली.

आश्चर्य हे, की खेळ संपला नाही. १९९९ मध्ये मिनेसोटातील दोन संघांनी गावोगावी प्रदर्शनीय सामने खेळून त्याला पुन्हा चालना दिली, आणि पुढच्या दशकात एकामागून एक लीग निघाल्या. २००९ साली दोन लीगनी एकाच वर्षी पदार्पण केले. एक ‘विमेन्स फुटबॉल अलायन्स’, जिच्यात स्त्रिया पूर्ण पोशाखात, पूर्ण नियमांनी खेळतात. दुसरी अंतर्वस्त्रांसारखा तोकडा पोशाख घालून खेळावयाची लीग. दूरचित्रवाणीवर जागा मिळाली ती दुसरीला. फ्रीडमन यांचा हिशेब चाळीस वर्षांनंतरही बाजारात चालत होता! पहिल्या लीगमधील खेळाडूंवर मात्र मानधन मिळण्याऐवजी स्वतःच संघाला शुल्क भरून खेळण्याची पाळी आली.

अशा खेळाचा रसिक होणे म्हणजे काय, याचा आम्ही विचार करतो. अलायन्सचा हंगाम वसंतापासून जुलैपर्यंतचा. सामने पुष्कळदा एखाद्या शाळेच्या मैदानावर, शनिवारी संध्याकाळी. प्रेक्षकांत घरची माणसे, सहकारी आणि थोडे निष्ठावंत. या रसिकाला रोजच्या वर्तमानपत्रात निकाल सापडत नाही; तो शोधावा लागतो. आवडता संघ पुढील वर्षी असेल याची खात्री नसते. मोठ्या खेळाच्या चाहत्याला विजयाची चिंता असते, याला अस्तित्वाची.

तरीही या निष्ठेला फळे आली आहेत. जागतिक महिला स्पर्धेत, २०१० मध्ये स्टॉकहोम येथे, अमेरिकेच्या संघाने तीन सामन्यांत २०१ गुण केले आणि एकही दिला नाही. या मैदानांवर घडलेली केटी सॉवर्स २०२० मध्ये सुपर बोल सामन्यात प्रशिक्षकवर्गात असणारी पहिली स्त्री ठरली. बोस्टन रेनेगेड्स या संघाने २०१८, २०१९, २०२१ आणि २०२२ अशा खेळल्या गेलेल्या सलग चार हंगामांत अजिंक्यपद मिळविले. २०२१ च्या अंतिम सामन्यासाठी शहरातील पुरुष संघाच्या मालकांनी आपले विमान त्यांना देऊ केले. ही बातमी ठरली, यातच नेहमीचा प्रवास कसा असेल ते कळते.

इतिहासाच्या दृष्टीने आम्हांला अधिक मोलाची वाटते ती गेल्या काही वर्षांत झालेली शोधाशोध. २०२१ मध्ये ब्रिटनी डी ला क्रेताझ आणि लिंडसी डार्कॅंजेलो यांनी ‘हेल मेरी’ या पुस्तकात सत्तरच्या दशकातील लीगची कथा खेळाडूंच्या आठवणींतून उभी केली. ह्यूस्टनच्या ‘हेरिकेन्स’ संघावर २०२३ मध्ये माहितीपट झाला. त्याच्या दिग्दर्शिकेची आई त्याच संघातून खेळली होती. अर्धशतकापूर्वीचे सामने कोणत्याही सरकारी दप्तरात नव्हते. जे होते ते पेटीतल्या कात्रणांत, पिवळ्या पडलेल्या छायाचित्रांत आणि वयोवृद्ध स्त्रियांच्या बोलण्यात. थोडा उशीर झाला असता तर तेही गेले असते.

हे वाचताना आम्हांला आपल्याच मंडळांची आठवण होते. इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे किंवा बेळगाव येथील आपल्या नाट्यसंस्था, ग्रंथालये आणि व्याख्यानमाला वर्गणीवर आणि फावल्या वेळावर चालत आल्या. त्यांचाही इतिहास कोणी ठेवला असेल तर तो घरच्या पेट्यांतच. दसऱ्याच्या साफसफाईत जुनी कार्यक्रमपत्रिका रद्दीत टाकण्यापूर्वी तिच्यावरील नावे एकदा वाचून पाहावीत, एवढेच या दूरदेशीच्या खेळाच्या निमित्ताने सुचवावेसे वाटते.