छप्पर गळतं ते सांध्यात

आमच्या घरी तीन पिढ्या छपरांचं काम. रत्नागिरीकडे घर बघायला आलेले लोक कौलं बघतात, आम्ही सांधे बघतो. उतरतं पाखं सहसा गळत नाही. गळतं ते आढ्यावर, दोन पाखी कोनात मिळतात त्या पन्हळीत, नाहीतर पडवीचं छप्पर भिंतीला टेकतं तिथे.

आजोबांच्या हातात नळीची कौलं होती. कुंभार चाकावर निमुळती नळी घडवायचा आणि भाजण्याआधीच ती उभी चिरायचा. एका नळीची दोन कौलं. एक ओळ उताणी, तिच्या कडांवर दुसरी पालथी. कौल कौलाला कुठेच अडकलेलं नाही, म्हणजे सारं छप्पर सांध्यांचंच. वारा आणि माकडं ते हलवत. मग दरवर्षी मिरगाआधी शाकारणी आलीच: कौलं उतरवा, फुटकी काढा, पुन्हा रचा.

मंगळुरी कौलांनी हा व्याप पुष्कळ कमी केला. बासेल मिशनच्या गेऑर्ग प्लेब्स्ट यांनी १८६५ मध्ये मंगळूरजवळ जेप्पूला कारखाना काढला. खाचेच्या कौलाची युक्ती मात्र आल्सासच्या जिलार्दोनी बंधूंची, १८४१ ची: कौलाच्या कडेला खाच आणि उंचवटा, शेजारचं कौल त्यात बसतं. माणसाने दरसाल जुळवायचा सांधा साच्यानेच घालून दिला. समुद्रमार्गे ही कौलं कोकणभर पोचली.

पण पाखं संपलं की खाचही संपते. आढ्यावरची कौलं, म्हणजे कोने, चुन्यात बसवावी लागतात. पन्हळीत कौलांखाली जस्ती पत्रा घालायचा. त्याच्या दोन्ही कडा वर दुमडायच्या, म्हणजे लोंढा बाजूला उडून वाशांवर जात नाही. भिंतीपाशी पत्र्याची वरची कड भिंतीत चीर पाडून आत घालायची आणि चीर बुजवायची. भिंतीवरून ओघळलेलं पाणी मग पत्र्यावरून थेट कौलांवर उतरतं.

आता तिथे नुसतं सिमेंट थापतात. लाकूड पावसात फुगतं, उन्हात आकसतं. भिंत जागची हलत नाही. दोघांमधलं सिमेंट तडकतं आणि पाणी वाशाच्या टोकात मुरतं. वासा आतून कुजतो, वरून कौलं मात्र शाबूत दिसतात.

गिऱ्हाईक कौलांच्या भावावर घासाघीस करतं आणि खर्च कमी करायचा म्हटलं की आधी पत्रा कापतं. म्हणून मी दर देताना पत्रा वेगळा लिहीतच नाही, मजुरीत धरतो.