रेंज रोव्हरचे वायुनिलंबन आणि दोषनिदानाचा प्रश्न

यंत्रविद्येच्या इतिहासात नव्या साधनाच्या शोधाला जेवढे स्थान मिळते, तेवढे त्या साधनातील दोषांच्या निदानाला क्वचितच मिळते. वस्तुतः एखादे यंत्र टिकते की टाकून दिले जाते, हे पुष्कळदा त्यात दोष उद्भवतो की नाही यापेक्षा तो दोष ओळखता येतो की नाही यावर अवलंबून असते. रेंज रोव्हर या ब्रिटिश मोटारीच्या वायुनिलंबनाचा, म्हणजे गाडीचा भार पोलादी स्प्रिंगांऐवजी हवेने भरलेल्या रबरी फुग्यांवर तोलण्याच्या योजनेचा, इतिहास या दृष्टीने उद्बोधक आहे.

ही कल्पना मूळची रेंज रोव्हरची नव्हे. अमेरिकेत जनरल मोटर्सने १९५३ पासून प्रवासी बसगाड्यांत तिचा अवलंब केला आणि तेथे ती रुजली. त्याच कंपनीच्या १९५७ च्या कॅडिलॅक एल्डोराडो ब्रूअममध्येही ती आली. परंतु गळतीला कंटाळून अनेक मालकांनी फुगे काढवून पोलादी स्प्रिंगा बसवून घेतल्या. बसला रोज तपासणारे आगार असते; खाजगी मोटार मात्र बिघाड झाल्यावरच कारागिरापुढे येते. यशापयशातील अंतराचे एक कारण येथे शोधावयास हवे.

१९७० साली अवतरलेली रेंज रोव्हर गुंडाळी स्प्रिंगांवर उभी होती. १९९२ मध्ये तिला इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाचे वायुनिलंबन लाभले आणि १९९४ च्या सप्टेंबरात आलेल्या 'पी ३८ ए' या दुसऱ्या पिढीत ते सर्रास झाले. चार फुगे, चाकांजवळचे चार उंचीदर्शक संवेदक, विजेवर चालणारा कॉम्प्रेसर, हवेची टाकी, झडपांचा ठोकळा आणि या सर्वांवर देखरेख करणारा संगणक, अशी तिची रचना होती. हमरस्त्यावर वेग वाढला की गाडी सुमारे २५ मिलिमीटर खाली येई. खडबडीत वाटेवर ती ४० मिलिमीटर वर उचलता येई. संवेदकांकडून येणारी माहिती विसंगत वाटली, तर संगणक दोषाची नोंद करून आपले काम थांबवी आणि ताशी ३५ मैलांपेक्षा अधिक वेगाने न जाण्याची सूचना चालकाला देई. ही नोंद वाचून पुसण्याचे साधन प्रारंभी अधिकृत विक्रेत्यांपाशीच असे.

खरी अडचण होती ती अधूनमधून प्रकट होणाऱ्या दोषांची. असे दोष स्थूलमानाने तीन प्रकारचे आढळतात.

पहिला प्रकार गळतीचा. फुग्याच्या घडीत बारीक चिरा पडतात, किंवा झडपांच्या ठोकळ्यातील रबरी कडी झिजतात. एका कोपऱ्यात गळती असल्यास गाडी त्याच कोपऱ्यात खचावी, अशी अपेक्षा स्वाभाविक होय. तथापि उभ्या गाडीतही हा संगणक सुमारे दर सहा तासांनी जागा होऊन उरलेले कोपरे सर्वांत खालच्या कोपऱ्याच्या पातळीवर आणतो. परिणामी सकाळी गाडी चारही बाजूंनी सारखीच बसलेली दिसते आणि दोषाचा पुरावा खुद्द यंत्राच्याच हातून पुसला जातो. यास्तव जाणते कारागीर आसनाखालचा कालदर्शक रिले काढून गाडी रात्रभर ठेवतात; मग जो कोपरा खचेल, तेथे साबणाचे पाणी लावून बुडबुडे पाहतात.

दुसरा प्रकार संवेदकांचा. त्यांतील विद्युत्रोधाची पट्टी नेहमीच्या उंचीशी संबंधित भागात सर्वाधिक झिजते. तेथे संपर्क क्षणभर तुटतो व लगेच जुळतो. तेवढ्यात संगणकाने दोष नोंदविलेला असतो. संवेदकाचा दांडा सावकाश फिरवीत काटा असलेल्या मापकावर रोध पाहिल्यास काट्याची उडी तत्काळ दिसते. आकडे दाखविणाऱ्या मापकात ती निसटू शकते. जोडणीतील गंज हेही असेच फसवे कारण होय.

तिसरा प्रकार उष्णतेचा. दट्ट्याची कडी झिजलेला कॉम्प्रेसर टाकी भरण्यास फार वेळ घेतो, तापतो आणि संरक्षक स्विच त्याला थांबवितो. थंड झाल्यावर तो पुन्हा चालू लागतो. म्हणून गॅरेजमध्ये पोहोचेपर्यंत गाडी निर्दोष ठरते. मात्र ही झीज पुष्कळदा गळतीमुळे पडलेल्या अतिश्रमाचे फळ असते. आधी गळती न शोधता नवा कॉम्प्रेसर बसविणे म्हणजे कारण सोडून परिणामावर उपचार करणे होय.

निदानाचा हा क्रम ज्यांना उपलब्ध नव्हता, अशा कित्येक मालकांनी कॅडिलॅकच्या मालकांप्रमाणेच गुंडाळी स्प्रिंगांचा आश्रय घेतला. पुढे स्वतंत्र छांदिष्टांनी संगणकातील नोंद वाचणारी व पुसणारी साधी जोडतार आणि आज्ञावली सिद्ध केली, तेव्हा घरच्या आवारातही हे निदान शक्य झाले. निर्मात्यांनी वायुनिलंबन सोडले नाही. २००१ मध्ये सादर झालेल्या तिसऱ्या पिढीतही ते कायम राहिले. यावरून 'हे यंत्रच मुळात अविश्वसनीय' हा सरसकट निर्णय घाईचा ठरतो. दोष होतेच, पण चांगली यंत्रणा मोडीत निघण्यास दोषांइतकाच त्यांच्या ज्ञानाचा मर्यादित प्रसार कारणीभूत झाला, असे म्हणणे इतिहासाला धरून होईल.