गाठीच्या तापापासून लॉकडाऊनपर्यंत : आपली हजेरी कुठाय?

शाळेत आपण प्लेग शिकलो तो एका गोळीपुरता. १८९७ साल, पुणं, रँड नावाचा जुलमी साहेब, २२ जूनची रात्र, गणेशखिंडीचा रस्ता आणि चापेकर बंधू. धडा संपला. टिपा लिहा, गुण चार. ज्या रोगानं पुढच्या पंचवीसेक वर्षांत या देशातली एक कोटीच्या वर माणसं मारली, त्याच्या धड्यात नावानिशी मेलेले कोण? तर साहेब आणि त्यांना मारून फाशी गेलेले. बाकीचे कोण होते, कुठल्या चाळीत राहत होते, त्यांचं मढं कुणी उचललं, यावर एक ओळ नाही.

फाशी जाणाऱ्याचं धाडस मी नाकारत नाही. पण एक कोटी माणसांच्या मरणाचा इतिहास एका पिस्तुलात मावत नाही, एवढंच माझं म्हणणं.

हे आत्ताच का लिहितोय? तर कोरोनाचंही तेच चाललंय. पांढरपेशांच्या आठवणी छापून येऊ लागल्यात. घरात बसून केक केले, गच्चीवरून पक्षी बघितले, टीव्हीवर पुन्हा रामायण लागलं, कुटुंबाला वेळ देता आला. बरं झालं त्यांचं. पण उद्या आपली पोरं शाळेत जातील, तेव्हा २०२० चा धडा हाच असणार. घरी थांबा, सुरक्षित राहा. ज्याला घर नव्हतं आणि ज्याला घरी थांबूच दिलं नाही, अशा दोघांचीही त्या धड्यात गैरहजेरी लागणार. मी सूतगिरणीत रिंग फ्रेमवर काम करतो. हजेरीपटावर नाव नसलं तर काय होतं ते मला कुणी शिकवायला नको. पाळी भरून काम केलं तरी तो दिवस खाडाच.

मी दहावीपर्यंत शिकलो. बाकीचं वाचन विहाराच्या कपाटातलं आणि रद्दीच्या दुकानातलं. गिरणी बंद होती तेव्हा प्लेगवर जे हाताला लागलं ते वाचलं. ते सांगतो. मग आपलं सांगतो.

एक

सप्टेंबर १८९६. मुंबईत मांडवीला, गोदीच्या अंगाला, धान्याच्या वखारी आणि कोंदट चाळी. तिथं डॉक्टर अकासिओ व्हिएगस यांना ताप आणि जांघेत गाठ आलेला रोगी सापडला. त्यांनी सांगितलं, हा गाठीचा प्लेग. महिनाभरात शहराला धडकी भरली. ६ ऑक्टोबरला म्युनिसिपल कमिशनर स्नो साहेबानं हुकूम काढला. कुठल्याही घरात शिरता येईल, रोग्याला बळजबरीनं इस्पितळात नेता येईल, घर रिकामं करता येईल.

घरं धुतली ती कार्बोलिकच्या पाण्यानं. कौलं काढून ऊन आत सोडलं. जमिनी खणल्या, गोधड्या जाळल्या. राहण्यालायक नाही असं ठरलेल्या घरावर यू. एच. एच. अशी इंग्रजी अक्षरं रंगवली. आता सांगा, राहण्यालायक नसलेलं घर त्यात राहणाऱ्यानं बांधलं होतं का? भाडं खाणारा मालक वेगळा, अक्षरं रंगवली गेली ती मात्र राहणाऱ्याच्या कपाळावर.

२९ ऑक्टोबरला हजारभर गिरणी कामगार आर्थर रोडच्या इस्पितळावर चालून गेले. इस्पितळात गेलेला परत येत नाही, अशी सगळीकडे बोलवा होती. कुणी म्हणे, राणीच्या पुतळ्याला डांबर फासलं म्हणून राणीनं माणसांची काळजं मागितलीत. शिकलेले लोक या अफवांना हसतात. मला हसू येत नाही. ज्या सरकारचा हात आपल्या अंगाला आजवर दंडुक्याच्या रूपानंच लागला, तोच हात अचानक नाडी बघायला आला, तर माणूस हात आखडून घेणारच. अफवा खोटी असते, पण तिच्या बुडातली भीती खरी असते.

आता नीट ऐका. एवढा कडक हुकूम सरकारनं महिन्याभरात सैल केला. का? दंग्याची भीती होतीच. पण साहेबाला त्याहून मोठी धास्ती वेगळीच होती. शहर सोडून लोक पळत होतेच, त्यांच्यात हलालखोर आणि बिगारी, म्हंजे मैला आणि कचरा उचलणारे, सामील झाले तर? मग मुंबईत कुणी राहूच शकणार नव्हतं. दोस्तांनो, हे वाक्य कुठल्याही धड्यात नाही म्हणून मी इथं लिहितोय : ज्या साम्राज्यावर सूर्य मावळत नव्हता, ते साम्राज्य १८९६ च्या ऑक्टोबरात मुंबईच्या झाडूवाल्याला घाबरलं होतं.

सावलीही नको असलेला माणूस निघून जातो म्हटल्यावर कमिशनरची झोप उडते. आपली ताकद कुठं आहे ते आपल्याआधी सरकारला कळलं होतं.

गिरण्यांतही तेच झालं. १८९१ च्या शिरगणतीत मुंबई सव्वाआठ लाखांची होती. त्यातले लाखो १८९७ च्या फेब्रुवारीपर्यंत गावाकडं निघून गेले. साचे उभे, चालवायला माणूस नाही. एरवी पगार अडकवून ठेवणारे मालक रोजचा रोज पैसा मोजायला लागले. त्यांची माणसं नाक्यानाक्यावर उभी राहून कामगारांना बोली लावू लागली. महामारी माणूस मारते, पण श्रमाची खरी किंमत काय तेही उघडं पाडते. रोग ओसरला की ती किंमत पुन्हा झाकली जाते, ही वेगळी गोष्ट.

दोन

४ फेब्रुवारी १८९७ ला साथरोगाचा कायदा झाला. कलमं फक्त चार. सरकारला वाटेल ते नियम करता येतील. मोडले तर शिक्षा. आणि चौथ्या कलमात, नियम राबवणाऱ्यानं सद्हेतूनं जे केलं त्याबद्दल त्याच्यावर दावा लावता येणार नाही. बघा, चार कलमांतलं एक अख्खं कलम अधिकाऱ्याच्या बचावाला! रोग्याच्या बचावाला? एकही नाही. रोग्याला भाकर मिळेल, बंदीच्या काळात मजुरी मिळेल, असा एक शब्द नाही.

कायदा झाल्यावर पाचव्या दिवशी, ९ फेब्रुवारीला, नारायण मेघाजी लोखंडे प्लेगनं गेले. जोतिबांचे सत्यशोधक सहकारी, 'दीनबंधू'चे संपादक. १८८४ साली गिरणी कामगारांची सभा भरवणारे. १८९० साली रविवारची सुटी त्यांनी मालकांकडून घेतली. ती आज अख्खा देश उपभोगतो आणि देणाऱ्याचं नाव विचारलं तर डोकं खाजवतो.

हाच कायदा १२३ वर्षांनी, मार्च २०२० मध्ये, महाराष्ट्रात पुन्हा बाहेर काढला. इंग्रज गेला, घटना आली, बाबासाहेबांनी माणूस म्हणून जगण्याचा हक्क कागदावर कोरला, तरी रोग आला तेव्हा सरकारच्या हाताला आधी लागला तो राणीच्या राज्यातला कायदा.

तीन

२४ मार्च २०२०. रात्री आठला घोषणा, बाराला देश बंद. मध्ये चार तास. चार तासांत आमची एक पाळीसुद्धा पुरी होत नाही.

मी तेव्हा एकवीस वर्षांचा, गिरणीत बदलीवर. गिरणी आधीच बंद झालेली. २९ मार्चला केंद्रानं आदेश काढला, बंदीच्या काळातला पगार पूर्ण द्या. कायम कामगारांना थोडंफार मिळालं. बदलीवाल्याला विचारलं, तू कोण? हजेरीपटावर नाव कुठाय? मेमध्ये तो आदेशच मागं घेतला गेला. म्हंजे आम्ही आधीही नव्हतो आणि नंतर तर आदेशही नव्हता.

दहा बाय दहाची खोली, आत सहा माणसं. संडास गल्लीच्या तोंडाला, चाळीस घरांत मिळून सहा डबे. पाणी चौथ्या दिवशी. मोबाईलवर बाई सांगायची, वीस सेकंद वाहत्या पाण्यात हात धुवा. आई म्हणायची, तिला म्हणावं पाणी पाठव, चाळीस सेकंद धुते. रेशनला माणशी पाच किलो तांदूळ फुकट आले, ते खरं. पण नुसता तांदूळ. डाळ, तेल, मीठ, गॅस कुठून आणायचा? दुधाला म्हणून नाक्यावर गेलेल्या पोराच्या पाठीवर वळ घेऊन तो परत यायचा. बंगल्यांच्या कॉलनीत लोक सकाळी फिरायला जात होते. तिथं काठी नव्हती. विषाणू सगळ्यांना सारखा धरतो म्हणतात. काठी धरत नाही.

आणि ते अंतर! सोशल डिस्टन्सिंग. सामाजिक अंतर ठेवा. भिंतींवर रंगवलं, फोन लावला तरी ऐकवलं. आपल्या आज्या-पणज्यांनी हा शब्द ऐकला असता तर त्या काय म्हणाल्या असत्या? अहो, आम्ही दोन हजार वर्षं दुसरं काय पाळलं? गावकुसाबाहेर राहिलो, पाणी वरून ओतून घेतलं, भाकर लांबून फेकलेली झेलली. त्या अंतरानं कुठला रोग थांबला? उलट तोच रोग होता.

एक योगायोग सांगतो. २० मार्च २०२० ला जागतिक आरोग्य संघटनेनं सांगितलं की सामाजिक अंतर म्हणू नका, शारीरिक अंतर म्हणा. शरीरं लांब राहू द्या, माणसं नकोत. २० मार्च! १९२७ साली याच तारखेला बाबासाहेबांनी चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं होतं. जगाला शब्द दुरुस्त करायला ९३ वर्षं लागली. आमच्या भिंतीवर तो दुरुस्त व्हायला आणखी कित्येक महिने गेले.

माझी मावशी जवळच्या शहरात ठेक्यावर झाडू मारते. लॉकडाऊन तिला नव्हताच. ती अत्यावश्यक सेवा! पहाटे पाचला हजर. हातमोजे एकदा मिळाले, ते आठ दिवसांत फाटले. मास्क तिनं जुन्या लुगड्याचा शिवला. एका गल्लीत बायांनी गॅलरीतून तिच्यावर फुलं टाकली, फोटो काढले. मावशीला तहान लागली होती. तिनं पाणी मागितलं. फुलं वरून टाकली होती, पाणीही वरूनच ओतलं.

मी त्या बायांना शिव्या देत नाही. रोगाची भीती त्यांनाही होती. पण रोग गेला, मास्क गेले, लोक गळ्यात गळे घालून लग्नात नाचले. मावशीचा ग्लास अजून वेगळाच आहे. तेव्हा प्रश्न विचारायचा तो एवढाच : हे अंतर कुठल्या विषाणूचं?

८ मे २०२० ची पहाट. जालन्याच्या लोखंडाच्या कारखान्यातले मजूर, मध्य प्रदेशातले, बरेचसे गोंड आदिवासी. भुसावळकडं गाडी मिळेल म्हणून रुळावरून चालत निघालेले. करमाडजवळ थकून रुळावरच झोपले. गाड्या बंद आहेत असंच सगळ्यांना माहीत होतं. मालगाडी आली. सोळा माणसं गेली. रुळावर भाकरी पसरल्या होत्या. १८९७ ला गावाकडं पळणाऱ्या तिसऱ्या वर्गाच्या प्रवाशांना स्टेशनावर उतरवून काखा-जांघा चाचपत होते. २०२० ला तर तिसरा वर्गच चालू ठेवला नव्हता.

चार

मग काय म्हणायचं? रोग खोटा होता? लस खोटी होती? नाय दोस्तांनो. इथं सावध राहा. आपल्या वस्त्यांतही लशीबद्दल नाही नाही ते बोललं गेलं. राग सरकारवरचा आणि काढायचा डॉक्टरवर, हा आपला मार्ग नाही. १८९७ च्या जानेवारीत हाफकिन या शास्त्रज्ञानं प्लेगची लस आधी स्वतःच्या अंगात टोचून घेतली, मग दुसऱ्यांना दिली. विज्ञानाचा असा माणूस आपला शत्रू नसतो.

आणि आपल्याकडं तर याहून मोठा दाखला आहे. मार्च १८९७. पुण्यात गोऱ्या सोजिरांना घेऊन घराघरांची झडती सुरू झाली, त्याच महिन्यात हडपसरला, ससाण्यांच्या माळावर, डॉक्टर यशवंत फुले प्लेगच्या रोग्यांचा दवाखाना चालवत होते. सोबत सहासष्ट वर्षांची आई. मुंढव्याच्या महारवाड्यात एक पोर तापानं फणफणलंय असं कळल्यावर सावित्रीबाई स्वतः गेल्या. त्या पोराला पाठीवर घेऊन चालत दवाखान्यात आणलं. पोराचा रोग त्यांना लागला. १० मार्चला त्या गेल्या.

एकाच शहरात, एकाच महिन्यात, दोन प्रकारे रोगाशी लढाई चालली होती. एक बंदुकीची, दार फोडून आत शिरणारी. एक पाठीची, अस्पृश्याचं पोर उचलून घेणारी. त्याआधी अडीच हजार वर्षांपूर्वी एका भिक्खूला हगवण लागली, कुणी जवळ जाईना, तेव्हा तथागतांनी त्याला स्वतःच्या हातानं धुतलं होतं. आपली परंपरा ही आहे. अंतर ठेवायचं ते रोगापासून. माणसाला पाठीवर घ्यायचं.

पाच

शेवटचं. प्लेगनंतर सरकारनं १८९८ मध्ये मुंबईत इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट काढला. सुरुवातीच्या काळात त्यानं गरिबांची घरं पाडली जास्त, बांधली कमी. तरी ज्या चाळी बांधल्या त्यांतल्या परळच्या एका चाळीत, पन्नास आणि एक्कावन्न नंबरच्या खोल्यांत, १९१२ पासून वीस-बावीस वर्षं बाबासाहेबांचं बिऱ्हाड होतं. प्लेगच्या राखेतून निघालेल्या त्या दोन खोल्यांतून चवदार तळ्याची वाट निघाली. शत्रूच्या हातून पडलेल्या विटेचाही आपण पाया केला. तेव्हा रडगाणं हा आपला इतिहास नव्हे.

म्हणून कामाला लागा. आपापल्या वस्तीत वही घेऊन फिरा. लॉकडाऊनमध्ये कामाला कोण जात होतं ते विचारा. कुणाचा पगार बुडाला, किती बुडाला, आकडा लिहून घ्या. कोण मेलं, कुठं जाळलं, कुणी उचललं ते लिहा. १४ एप्रिलला भीमजयंती घरात कशी झाली, ६ डिसेंबरला दादरला जाता आलं नाही तेव्हा म्हातारी माणसं कुठं तोंड करून बसली, ते लिहा. कामाचे पास, रेशनच्या पावत्या, गिरणीच्या फाटकावरची नोटीस जपून ठेवा. सावकार चिठ्ठी जपतो म्हणून तर जिंकतो.

म्हाताऱ्यांपासून सुरुवात करा. त्या फार दिवस थांबणार नाहीत. आणि सफाईला जाणाऱ्या बाईकडं जाल तेव्हा आधी तिच्या घरचं पाणी मागून प्या, मग वही उघडा.

जय भीम.