काडेपेटीचा एक खण

आपल्या कार्यानुभवाच्या तासाला कुणी मोजत नसे. गणिताचा पोर्शन राहिला की पहिली कुऱ्हाड त्याच तासावर. पण या विषयाचं घराणं मोठं आहे. १९३७ साली वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी हस्तोद्योगातून शिक्षणाची कल्पना मांडली. पुढे कोठारी आयोगाने (१९६४-६६) कार्यानुभव शालेय शिक्षणाचा भाग व्हावा, अशी शिफारस केली. आणि विकतचं साहित्य न आणता आजूबाजूला मिळेल ते वापरायचं, हे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५पासून बोर्डीला आणि नंतर कोसबाडला करून दाखवलं होतं. आपल्यापर्यंत येईतो त्याचं ‘टाकाऊतून टिकाऊ’ झालं.

सातवीत विषय होता ‘जुने घर’. चपलांचे खोके, लग्नपत्रिका, खराट्याच्या काड्या, मैद्याची खळ आणि ढीगभर रिकाम्या काडेपेट्या. बाईंनी फळ्यावर एकच शब्द लिहिला होता : खण. वाडा फुटांत मोजत नाहीत, खणांत मोजतात. दोन खांबांमधली जागा म्हणजे एक खण. खांबांवर तुळई, तुळईवर कड्या, वर फळ्या. काडेपेटी म्हणजे एक खण धरला की ओसरी, माजघर, स्वयंपाकघर आपोआप मापात येतं आणि मध्ये चौक उरतो. ऑफिसात कुणी ‘मॉड्युलर’ म्हणालं की माझ्या डोळ्यांसमोर अजून काडेपेट्याच येतात.

वर्गात दोन तऱ्हेचे वाडे तयार झाले. सिडको, नाशिकरोडकडच्यांनी (त्यात मीही) पुस्तकातला वाडा केला : ऐसपैस, दिंडीदरवाजा, चौकात तुळस, एकच कुटुंब. तिवंधा, भद्रकाली, रविवार कारंजाकडच्या मुलांनी स्वतःचं घर केलं. त्यात माजघराच्या मधोमध पुठ्ठ्याचं पार्टिशन, जिन्याखाली कुणाचं तरी स्वयंपाकघर, दारात पाच मीटर आणि चौकात तुळशीशेजारी एकच नळ. एकीने तर नळापुढे बादल्यांची रांगही लावली होती, औषधाच्या बाटल्यांच्या झाकणांची. नंबर अर्थातच देखण्या वाड्यांना मिळाले.

आज वाटतं, इतिहास त्या बिननंबरी वाड्यांत होता. पेशवाईत बांधलेले हे वाडे विसाव्या शतकात भाडेकरूंनी भरले. १९४७च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने भाडी १९४०च्या पातळीला बांधली गेली. त्यामुळे साध्या माणसाला गावात, गोदेपासून हाकेच्या अंतरावर राहता आलं, आणि त्याच भाड्यात मालकाला कौलं शाकारणं परवडेना. दोघंही आपापल्या जागी बरोबर होते. मध्ये तुळई कुजत होती. २००० साली नवा भाडे कायदा लागू झाला, तोवर बऱ्याच वाड्यांचं दुरुस्तीचं वय उलटलं होतं. त्यावर २००८, २०१६, २०१९चे पूर. हल्ली जुन्या नाशकात पावसाळा आला की धोकादायक वाड्यांना नोटिसा लागतात, आणि कुठेतरी भिंत पडल्याची बातमी येतेच.

सराफ बाजारातला सरकारवाडा राज्य संरक्षित स्मारक आहे, ते उत्तमच. पण सहा बिऱ्हाडांच्या वाड्याला कोण स्मारक म्हणणार? तो नकाशावर फारतर एक चौकोन असतो. कुणाचं पार्टिशन कुठे होतं, नळाची पाळी कुठून सुरू व्हायची, हे कुठल्याच दप्तरात नाही.

माझ्या मुलीलाही मागच्या वर्षी असाच प्रकल्प होता. काडेपेट्यांच्या जागी कुरिअरची खोकी आली आहेत, खळीऐवजी ग्लू गन. पण तीसही वाडे एकसारखे, इंटरनेटवरच्या एकाच फोटोवरून केलेले : तुळस, दिंडीदरवाजा, एक कुटुंब.

तेव्हा एक विनंती. ज्यांच्या पोटमाळ्यावर तो सातवीतला वाडा अजून असेल, त्यांनी संमेलनाला येताना घेऊन यावा. छप्पर फाटलं असलं तरी चालेल, आतूनच बघायचा आहे. आणि जिथे पार्टिशन आहे, तिथे पलीकडे कोण राहायचं त्यांचं आडनाव पेन्सिलीने लिहून आणा.